अकरा पिवळे

१९ सप्टेंबर १९८६, शुक्रवार
३१ ऑगस्टला शाळेतून मोकळा झालो. चौतीस वर्षं पोरांना घागर, छत्री आणि डोंगरामागचा सूर्य काढायला शिकवलं. आता स्वतःचं काम. आजपासून रोजनिशी. कलावंतानं प्रोसेस लिहून ठेवली पाहिजे, नाहीतर ती त्याच्याबरोबर जाते.
डिसेंबरमध्ये विभागीय चित्रप्रदर्शन इथंच औरंगाबादला भरणार आहे. चित्र द्यायची शेवटची तारीख १५ नोव्हेंबर. विषय ठरला. सौ.चं पोर्ट्रेट, तैलरंगात, साडेतीन बाय अडीच फूट. मॉडेल घरचंच. मूलबाळ नाही, घरात गडबड नाही, समोरच्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे. यापेक्षा काय लागतं?
संकल्प: पाचला उठणं, रोज सकाळी आठ ते दहा बैठक. खंड नाही.
शैलाला सांगितलं. म्हणाली, पितृपक्षात कशाला सुरुवात? शिवाय आठ-दहा दिवस झाले, जेवलं की पोटात उजवीकडं दुखतं, तेवढा वेळ ताठ बसवेल का. म्हणालो, पाठीला लोड देतो.

२० सप्टेंबर, शनिवार
दिवसभर मटेरियल. चौकटीवर मांजरपाट ताणला, सरस लावला, वर खडूच्या भुकटीचे तीन हात. आजकालची मंडळी तयार कॅनव्हास आणतात आणि स्वतःला आर्टिस्ट म्हणवतात.
तेल मात्र आपलं. शैलाचा भाऊ लक्ष्मण लासूर स्टेशनला मार्केट कमिटीत कारकून आहे. त्यानं उन्हाळ्यात घाण्यावरचं जवसाचं तेल आणून दिलं होतं. बाटल्या तीन महिने गच्चीवर उन्हात ठेवल्या, आता पाण्यासारखं नितळ झालंय. असलं तेल कधी पिवळं पडत नाही.
पाच वाजता उठायचं ठरलं होतं. सव्वासात झाले. उद्यापासून.

२२ सप्टेंबर, सोमवार
पहिली बैठक. गर्द हिरवी साडी, मागं राखी पडदा. कोळशानं ड्रॉइंग. हात विलक्षण चालला. फक्त मॉडेल चार वेळा हललं. प्रत्येक वेळी पोटावर हात. सांगितलं, हात मांडीवर. मग नीट बसली.
दहाऐवजी साडेनऊलाच उठली. ओकारी आली म्हणे. चहा मलाच करावा लागला. यात माझा अर्धा तास गेला, तो तिनं उद्या भरून द्यावा असं ठरलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
रंग सुरू.
शैलाचा रंग गव्हाळ. पांढऱ्यात यलो ओकर, किंचित व्हर्मिलियन, सावलीत थोडी रॉ सिएना. मिश्रण घोटून सुरीवर घेतलं आणि तिच्या गालाशेजारी धरलं. जुळेना. हनुवटीखालच्या सावलीत एक पिवळी झाक आहे. अतिशय पुसट. साध्या माणसाला जन्मात दिसणार नाही. मला दिसली.
चौतीस वर्षं ही नजर छत्र्या तपासण्यात गेली, याचं आज वाईट वाटलं.

२९ सप्टेंबर, सोमवार
पिवळेपणा वाढला. आता कपाळावरही आहे, आणि डोळ्यांच्या पांढऱ्यात.
दुपारी कारण सापडलं. समोरचा पुंजाराम, एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर, त्यानं नवरात्राच्या आधी भिंतीला रामरज फासलीय. पिवळीधम्मक. तिचा उजेड खिडकीतून थेट माझ्या मॉडेलवर येतो. जाऊन त्याला परावर्तित प्रकाश समजावला. पंधरा मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मास्तर, भिंत माझी हाय आन् घरबी माझंच हाय.” नंतर विचारतो, “बाईंची तब्येत बरी हाय ना? परवा वट्यावर बसल्या हुत्या, लई उतरल्यासारख्या दिसल्या.” विषय बदलायची ही त्याची पद्धत.
खिडकीला बाहेरून पांढरं धोतर बांधलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार
धोतरानं फरक नाही. उलट पिवळा जास्तच उठून दिसतो.
तेलावर संशय आला. काचेवर थेंब टाकून पाहिला, स्वच्छ. पांढऱ्या ट्यूबवर संशय आला. दोन ट्यूबा शेजारी शेजारी पिळून पाहिल्या, दोन्ही पांढऱ्या. यात आख्खी सकाळ गेली. शैला तेवढा वेळ खुर्चीतच होती. काम नसताना ती बसून राहिली म्हणून मीच तिला म्हणालो, पड थोडी. कलावंत असलो तरी माणुसकी सोडलेली नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार
घट बसले. मला वाटलं, ही तोंडाला हळद लावत असणार. विचारलं. म्हणाली, लग्नात लावली होती तेवढीच.
खात्री करावी म्हणून गालाजवळ नाक नेऊन वास घेतला. हळदीचा वास नाही. तिला वाटलं मी जवळ आलो. डोळे मिटले आणि थोडी हसली. हसल्यामुळं तोंडाची ठेवण बिघडली. ती पुन्हा बसवायला वीस मिनिटं लागली.

७ ऑक्टोबर, मंगळवार
आज धाडसानं एक गोष्ट स्वतःशी कबूल केली. दोष माझ्याच डोळ्यांत असेल. मोतीबिंदू पिकायला लागला की माणसाला जग पिवळट दिसतं, असं वाचलंय. कलावंताच्या आयुष्यात याहून भयंकर काय? जेवण गेलं नाही. म्हणजे एकच भाकरी कमी खाल्ली.
परवाची डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. शैला म्हणाली, मीही येते, त्यांनाच पोटाचं दाखवते, ते कुणाकडं जायचं ते तरी सांगतील. म्हणालो, अगं तो डोळ्यांचा डॉक्टर, त्याला तुझ्या पोटाचं काय कळणार. शिवाय माझ्या डोक्यावर एवढी टांगती तलवार असताना दुसरा विषय नको. तिला पटलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
डोळे उत्तम. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं नजर फार चांगली आहे, मोतीबिंदूचा पत्ता नाही. रंगांचे ठिपके दाखवले, एकही चुकलो नाही. येताना गुलमंडीवर पेढे घेतले.
म्हणजे मला दिसतो तो पिवळा खरा आहे. तो मॉडेलमध्येच आहे.
याचा अर्थ मोठा आहे. मानवी त्वचेत जो पिवळा लपलेला असतो आणि ज्याकडं आजवरच्या पोर्ट्रेटवाल्यांनी दुर्लक्ष केलं, तो मी उघड करतोय. आतापर्यंत अकरा वेगळे पिवळे नोंदले. कपाळाचा, पापणीचा, गळ्याचा, नखांचा. डोळ्यांच्या पांढऱ्यात लेमन यलो आणि ब्रशच्या टोकावर घेतलेला हिरवा. प्रत्येकाचा चौकोन कागदावर लावून खाली तारीख घातली.
शैलानं पेढा खाल्ला नाही. तुपकट नको म्हणाली. माझ्या आनंदात तिनं एवढंही करू नये, याचं नवल वाटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार
दसरा. पुरण नाही. भात-वरण, तेही सरूबाईनं टाकलं. सरूबाई म्हणजे आमच्याकडं भांडी घासायला पडेगावहून येते ती.
शैला दिवसभर आडवी. अंगाला खाज सुटते म्हणे. दोन्ही हातांवर ओरखडे आहेत. ते चित्रात घ्यावेत की नाहीत, याचा विचार करतोय. सत्य की सौंदर्य, हा जुना प्रश्न.
एक चांगली गोष्ट. गालाची हाडं वर आली आहेत. एकतीस वर्षं मांसाखाली झाकलेलं स्ट्रक्चर आता दिसतं. गळ्याचं हाड तर असं की कोळसा आपोआप फिरतो. तिला सांगितलं, तुझा चेहरा आत्ता कुठं चित्राजोगता झाला. तिनं कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. स्तुतीची सवय नाही तिला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
सरूबाईशी वाद. केर काढायला आत आली, कॅनव्हासकडं पाहिलं, मग शैलाकडं पाहिलं, आणि झाडू तिथंच टाकून तिच्याजवळ बसली. खालची पापणी ओढून बघते काय, नखं बघते काय. मॉडेलला हात लावू नको म्हणालो.
म्हणाली, “बाई, डोळं लई पिवळं दिसायलेत. ही कावीळ हाय. लघवीला कसं व्हतंय?” शैला हळूच म्हणाली, चहासारखं, लई दिवस झाले.
मी सांगितलं, पिवळं हा शब्द ढोबळ आहे. तुला जो एक पिवळा दिसतो, तिथं मला अकरा दिसतात. सरूबाई म्हणाली, “तुमाला अकरा दिसत्यात तर दवाखान्यात का नाय नेलं?”
अडाणी माणसाशी रंगावर बोलू नये, हा धडा. तरी शैलाला म्हणालो, चेहरा झाला की दाखवू कुणाला तरी. चार-पाच दिवसांचा प्रश्न आहे. मध्येच औषध घेतलं आणि रंग उतरला तर सगळं मुसळ केरात. शैला म्हणाली, “बरं.”
ती नेहमी बरंच म्हणते. म्हणूनच आमचं कधी भांडण नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
मॉडेलला थंडी वाजून ताप. दात वाजत होते, त्यामुळं हनुवटीची रेघ धरता येईना. शाल दिली. पण शाल लाल होती, तिचा उजेड गळ्यावर पडून तिथला हिरवट पिवळा मेला. काढून घेतली. अर्ध्या तासात बैठक आटोपली. मी समजून घेतलं.
पाच वाजता उठायचा संकल्प स्थगित. तब्येत सांभाळली पाहिजे.

१८ ऑक्टोबर, शनिवार
आजचा दिवस आयुष्यात विसरणार नाही. शैला पहिल्यांदा पूर्ण स्थिर बसली. सव्वादोन तास. हात मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले, मान लोडावर किंचित कललेली. एकदाही हलली नाही, एकदाही बोलली नाही. मी हाक मारली तरी पोज मोडली नाही. एवढ्या वर्षांनी तिला माझं काम कळलं, असं वाटून भरून आलं.
चेहरा पूर्ण झाला. फक्त हात राहिले.
उठवताना जड लागली. सरूबाई आणि मी दोघांनी मिळून खाटेवर नेली. मग सरूबाई तडक पुंजारामाच्या घरी गेली. तिकडं फोन आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार
सकाळी लक्ष्मण लासूरहून जीप घेऊन आला. चप्पल न काढता आत. शैलाला हाक मारली, “अक्का, अक्का,” तिनं डोळे उघडले पण त्याला ओळखलं की नाही, कळलं नाही. त्यानं तिला लहान मुलासारखी उचलली. मी म्हणालो, मीही येतो, शर्ट बदलतो. शर्ट बदलून बाहेर आलो तर जीप गेली होती. पुंजारामानं रिक्षा थांबवून दिली.
दवाखान्यात लक्ष्मण म्हणाला, “भाऊजी, तुम्हाला कळलं नाही?”
म्हणालो, मला सगळ्यात आधी कळलं होतं.

२० ऑक्टोबर, सोमवार
पित्ताच्या नळीत खडा अडकलाय. पित्त रक्तात चढलंय, वर विषार भिनलाय. सर्जन तरुण आहेत, पस्तिशीचे. त्यांनी विचारलं, पिवळेपणा कधीपासून? लक्ष्मण म्हणाला, यांना विचारा.
माझ्याकडं कागद होताच. म्हणालो, २६ सप्टेंबर, हनुवटीखाली, पुसट. २९ तारखेला कपाळ आणि डोळे. ९ ऑक्टोबरला नखं. त्याच दिवशी गळ्यावर हिरवट छटा. अकराही चौकोन दाखवले. डॉक्टरांनी एकेक चौकोन पाहिला, तारखा उतरवून घेतल्या. म्हणाले, इतकी अचूक माहिती कुठल्याच नातेवाइकानं मला आजवर दिलेली नाही.
खरं सांगतो, चौतीस वर्षांत माझं काम एवढं लक्ष देऊन कुणी पाहिलं नव्हतं.
मग त्यांनी विचारलं, “आणि पेशंटला आणलंत काल?” त्यांची चूक दुरुस्त केली. म्हणालो, मी नाही आणलं, लक्ष्मणनं आणलं.
त्यांनी पेनाला टोपण लावलं. पुढचं सगळं ते लक्ष्मणशीच बोलले. कागद लक्ष्मणनं घडी करून खिशात घातला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
ऑपरेशन झालं. सकाळी आत नेताना डॉक्टर म्हणाले होते, वाचतील असं सांगता येत नाही. संध्याकाळी म्हणाले, आता बघू.
बाकावर बसलो होतो. वही बरोबर होती. काही काढलं नाही. भिंतींना तैलरंग आहे, खाली हिरवा, वर पांढरा. काम निकृष्ट.

२ नोव्हेंबर, रविवार
दिवाळी. शैला वाचली. शुद्धीवर आहे, पेज घेते. आज भेटलो. पिवळा उतरायला लागलाय, डोळे जवळजवळ पांढरे. हातांचं काम शिल्लक असल्यानं थोडी चिंता वाटली. ती बोलून दाखवली नाही. एवढं कळतं मला.
बुधवारी सोडणार. लक्ष्मण म्हणाला, अक्का लासूरला येईल. मी म्हणालो, बरं, पंधरा दिवस. त्यानं ऐकलं नसावं.

९ नोव्हेंबर, रविवार
पॅसेंजरनं लासूरला गेलो. रंगांची पेटी बरोबर घेतली. एकच बैठक, फक्त हात. चेहऱ्याचा प्रश्नच नव्हता.
शैला अंगणात खुर्चीवर होती. केस विंचरलेले. लक्ष्मणच्या बायकोनं चहा दिला आणि आत गेली. मी पेटी उघडली. शैला हात मांडीवर ठेवून बसली, अगदी तशीच. मी रंग काढले. यलो ओकर, लेमन, रॉ सिएना. तिच्या हाताकडं पाहिलं. तिथं यातला एकही रंग नव्हता. मग पांढरा काढला, व्हर्मिलियन काढला, घोटत राहिलो. जुळेना.
ती म्हणाली, “मुळात मी कशी आहे, ते नाही सापडत ना?”
म्हणालो, उजेड वेगळा आहे.
ती म्हणाली, “एकतीस वर्षं मला वाटायचं, तुम्हाला दिसत नाही. मी म्हणायची, असतो एखाद्या माणसाचा स्वभाव. पण लक्ष्मणनं तो कागद दाखवला. तारखा आहेत त्यावर. तुम्हाला सगळं दिसत होतं.” आवाज चढवला नाही. पुढं म्हणाली, “दिसत नव्हतं तेच बरं होतं.”
मग तिनं हात पदराखाली घेतले. म्हणाली, पाचची गाडी आहे, तिनं जा, पुढची गर्दीची असते.
पाचच्या गाडीनं आलो. ऑपरेशननंतर माणसं हळवी होतात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
चित्र दिलं. हात शेवटी माझेच बघून काढले. मनगटं जरा जाड झाली. नाव काय द्यायचं यावर दोन दिवस गेले. ‘कलावंताची पत्नी’ असं दिलं.
सरूबाईनं काम सोडलं. कारण सांगितलं नाही. दुसरी बाई बघतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
कार्ड आलं. चित्र निवडलं गेलं. पहिल्याच प्रयत्नात.
लासूरला पत्र टाकलं, उद्घाटनाला ये म्हणून. पुंजारामालाही सांगायला गेलो. “बाई येणार हायेत का?” एवढंच विचारलं. म्हणालो, बघू.

७ डिसेंबर, रविवार
प्रदर्शन. कोट घालून दहालाच हजर. लासूरहून कुणी आलं नाही. पत्राला उत्तरही नाही. चित्र जिन्याजवळ लावलंय, उजेड बरा आहे. खाली टेबल, त्यावर अभिप्रायाची वही. मी खुर्ची घेऊन शेजारी बसलो. प्रोसेसबद्दल कुणी विचारलं तर सांगावं, सरसापासून सुरुवात करून.
साडेदहाला एक बाई आल्या. पाहिलं आणि यजमानांना म्हणाल्या, कावीळ झालीय वाटतं हिला. मी ऐकलं नाही असं केलं. मग कॉलेजच्या दोन मुली आल्या, त्यांनीही तेच म्हटलं. मग एक वकील आले. त्यांना मी त्वचेतल्या लपलेल्या पिवळ्याविषयी समजावून सांगितलं. ते नम्रपणे म्हणाले, ते ठीक आहे, पण यांना कावीळ आहे. दारावरचा वॉचमनसुद्धा जेवायला जाता जाता थांबला आणि बोलून गेला. कुणालाही एका क्षणापेक्षा जास्त वेळ लागला नाही.
दुपारी गर्दी ओसरली. एक म्हातारे गृहस्थ सावलीला आत आले. धोतर, पागोटं, हातात औषधाची पिशवी. सुनेला दवाखान्यात ठेवलंय, बिडकीनचे, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं. बाकीच्या चित्रांकडं पाहिलं नाही. माझ्या चित्रापुढं बराच वेळ उभे होते. मला बरं वाटलं. मी खुर्चीतून उठलो.
म्हणाले, “ह्या बाईला कावीळ हुती का?”
सकाळपासून आठव्यांदा. म्हणालो, “होती.”
“कोन तुमच्या?”
“पत्नी.”
ते पुन्हा चित्राकडं वळले. जवळ जाऊन डोळे पाहिले, मग हात पाहिले, मग माझ्याकडं पाहिलं.
“आन् तुमी समोर बसून ह्ये काढत हुता व्हय?”
“हो,” म्हणालो.
मी वही त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी पिशवी उचलली आणि सावली सोडून उन्हात निघून गेले.